ऐन मलीहाची पांढरी गाडी

ऐन मलीहात अँब्युलन्स आली तेव्हा तिच्यापायी गाव कुणाच्या एका कवडीलाही बांधलेले नव्हते. ही गोष्ट जिलानीने त्या दिवशी इतक्या लोकांना ऐकवली, की शेवटी कॉफीवाल्याने हात जोडले. "कळलं, सी जिलानी, कळलं. गाडी रोखीची. पण माझी सकाळची कॉफी मात्र तुम्ही उधारीवर प्यायलात." सगळे हसले. जिलानीही हसला, पण लगेच खिशात हात घालून त्याने पैसे काउंटरवर ठेवले. एरवी थट्टेला थट्टेने उत्तर देणारा माणूस, पण या एका बाबतीत त्याला थट्टा कळत नसे.

ऐन मलीहाला गाव म्हणावे तर ते मोठे आहे, आणि शहर म्हणावे तर आजूबाजूचे लोक तोंडावर हात धरून हसतात. एका अंगाला खारे सरोवर, त्यात पाणी नावाला आणि मीठ पोटभर. दुसऱ्या अंगाला वाळू. मधोमध खजुराची जुनी बाग. ती आधी परक्यांची होती, मग सरकारची, मग सरकारच्या मेहुण्यांची. राजधानीत राजवट कोसळली त्या हिवाळ्यात गावाने बागेत ठिय्या मारला आणि बाग आपली केली. तेव्हापासून दर वर्षी खजूर उतरला की त्यातून गावाचे एक काम व्हायचे. एका वर्षी शाळेची भिंत आणि मुलींसाठी संडास, मग घरोघर नळ, मग मंडईवर छप्पर. खजुराने दिले तेवढ्यातच भागवायचे आणि हात गावाने आपलेच लावायचे, हा जिलानीचा नियम. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, बागेच्या समितीचा प्रमुख झाला तरी छडी त्याच्या आवाजात तशीच राहिली होती, आणि गाव त्याला आदराने 'सी' लावूनच हाक मारायचे.

बँकेचा माणूस एकदा चकचकीत बूट घालून आला होता. सगळी कामे एका वर्षात उरका, फेडत बसा सावकाश, असे त्याचे म्हणणे. जिलानीने त्याला शेंगदाणे घातलेला चहा पाजला आणि परत जाताना शेजारच्या गावचे कारंजे पाहून जायला सांगितले. शेजारच्यांनी ते कर्ज काढून बांधले होते. आता त्यात शेळ्या बसतात.

जिलानीचा दुसराही एक नियम होता. समितीतल्या कुणाच्याही घरच्या माणसाने बागेच्या किंवा गावाच्या कामाचा पगार घ्यायचा नाही. नियम ऐकायला सगळ्यांसाठी, पण बाकीच्यांची मुले कधीच परदेशी जाऊन स्थिरावली होती. पगाराची गरज असलेला, हाताशी असलेला मुलगा समितीत एकाच्याच घरी होता, आणि तो जिलानीचा नौफल.

नौफल पूर्वी मामाचा पाण्याचा टँकर चालवायचा. मग गावाने नळ घालायचे ठरवले. चर खणायला जे लोक आले त्यांत नौफल सर्वांत पुढे होता, उन्हाळाभर त्याने फावडे खाली ठेवले नाही. घरोघर पाणी आले आणि टँकर मामाच्या अंगणात उभा राहिला तो राहिलाच. "स्वतःच्याच पोटावर फावडं मारणारा गावातला पहिला माणूस मी," असे तो कॉफीच्या दुकानात सांगायचा आणि लोकांना हसवायचा. टँकर भंगारात गेला तेव्हा त्याच्या नळाचा एक पितळी नट नौफलने काढून घेतला. विचारात पडला की तो नट बोटांत फिरवायचा. अंगठ्याने घासून घासून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

पोराला चालवता येत नव्हते असेही नाही. नौफलच्या बरोबरीच्या शादलीची बहीण बाळंतपणात अडली तेव्हा जिल्ह्याच्या इस्पितळाची गाडी कुठे होती ते देवाला ठाऊक. नौफलने तिला टँकरच्या केबिनमध्ये बसवले आणि सरोवरावरच्या रस्त्याने भोंगा वाजवत नेले. मूल वाटेतच झाले. त्या मुलाला गाव अजून 'टँकर' म्हणूनच हाक मारते.

गाडी आली त्याच संध्याकाळी जिलानीची बायको मेहरझिया अंगणातल्या भट्टीत भाकरी लावत होती. जिलानी येऊन भिंतीशी बसला.

"नौफलच्या बाबा, एक बोलू?"

"नको म्हटलं तर गप्प बसणार आहेस?"

"नाही." तिने भट्टीत हात घालून एक भाकरी काढली आणि त्याच्यापुढे टाकली. "गाडीला चालवणारा लागणार."

"लागणार."

"मग?"

"मग काय? नियम माझाच आहे. मीच मोडू?"

"नियमाला जेवायला लागत नाही. पोराला लागतं." ती पदराने कपाळ पुसत त्याच्यासमोर बसली. "ऐका. पोरगा समुद्राकाठच्या कुणाशी तरी फोनवर बोलतो. मी जवळ गेले की हवामानाचं विचारल्यासारखं करतो. आपल्याकडे हवामान कधी बदललंय? तो जायला निघालाय, नौफलच्या बाबा. त्याला धरून ठेवणारी ही एकच गाडी उरली आहे. ती त्याला मिळाली नाही तर तो समुद्र जाळायला जाईल, आणि मग तुम्ही तुमचा नियम मांडीवर घेऊन बसा."

समुद्र जाळायला, म्हणजे कागदपत्रांशिवाय चोरून नावेने पलीकडच्या देशात, गेलेली मुले ऐन मलीहाला नवीन नव्हती. काहींचे तिकडून फोन यायचे. काहींचे यायचे नाहीत, आणि त्यांच्या आया मग कुठल्याही अनोळखी नंबरला धावत जाऊन उत्तर देत. जिलानीने भाकरी तोडली पण तोंडात घातली नाही.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. बलकासिम त्याचा जुना मित्र, समितीतला सर्वांत वयस्कर आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा. तो म्हणाला, "जिलानी, तुझा नियम आम्ही आजवर डोक्यावर घेतला. पण गावात तीन पोरं आहेत ज्यांना ही गाडी चालवता येईल, आणि तुझं पोर त्यांतलं एक आहे. बाप समितीत आहे म्हणून त्याला विचारायचंही नाही, हा कुठला न्याय? खुणा टाकू दे तिघांना. देव ज्याला देईल त्याची गाडी."

खुणा टाकणे ही आमच्याकडची फार जुनी रीत. बागेतल्या पाण्याच्या पाळ्या अशाच ठरत. ज्याला हवे त्याने आपली एक वस्तू टोपीत टाकायची, खडा, बी, बटण, काहीही. काढणाऱ्याने पाठ करून उभे राहायचे, म्हणजे कुणाची खूण कुठली ते त्याला कळणार नाही. मग टोपीवर झगा पांघरायचा आणि त्याने आत हात घालून एक वस्तू काढायची. त्यावर वाद नाही, आणि मागाहून कुरकुर नाही.

जिलानीने विचार केला आणि मान हलवली. त्याला मनापासून बरे वाटले. मिळालीच तर ती देवाने दिलेली, नियम त्याने मोडला असे होणार नव्हते, आणि पोरालाही संधी मिळाली. घरी जाऊन त्याने नौफलला सांगितले तेव्हा पोराचा चेहरा असा उजळला, की जिलानीला लाजल्यासारखे झाले. "बाबा, मला मिळाली ना, तर मी तिचा भोंगा उगाच वाजवणार नाही," नौफल म्हणाला. "फक्त शेजारच्या गावातून जाताना. त्यांच्या शेळ्यांना कळायला हवं." बापलेक कितीतरी दिवसांनी एकत्र हसले.

शुक्रवारी नमाज सुटल्यावर माणसे मंडईत जमली. छप्पर नवे होते, जमीन अजून वाळूचीच होती, कारण फरशी पुढच्या खजुरावर होती. तिघे पुढे आले. धाऊ, ज्याचा बाप बागेत खजुराच्या झाडांवर चढायचा. शादली. आणि नौफल. बलकासिमने आपली लाल टोपी डोक्यावरून काढून हातात धरली.

"काढायचं कुणी?" कुणीतरी विचारले.

"सी जिलानींनी!" मागून आवाज आला. मग सगळीकडून तोच आवाज. "तुमच्याइतका स्वच्छ हात गावात नाही!"

"अरे, मी बाप आहे एकाचा," जिलानी म्हणाला. पण त्याच्या म्हणण्यात जोर नव्हता. खरे सांगायचे तर त्याला ते ऐकून गोड वाटले होते. आयुष्यभर जे जपले ते सारे गाव एका सुरात बोलून दाखवत होते, आणि माणूस शेवटी माणूस असतो. तो वळला, पाठ करून उभा राहिला, मागे तिघे काहीतरी कुजबुजले, हसले, आणि टोपीत तीन वस्तू पडल्या. मग बलकासिमने झगा पांघरला आणि जिलानीने आत हात घातला.

पहिल्याच बोटाला नट लागला.

त्याने तो लगेच ओळखला. रोज जेवताना ताटाशेजारी ठेवलेला असायचा, ओळखणार कसा नाही? त्याचा हात तिथल्या तिथे थिजला. देवाने दिले होते, सरळ, काही न मागता. पण जिलानीच्या मनात दुसरेच आले. हा नट पोराने मुद्दाम टाकला का? बापाच्या बोटांना कळावा म्हणून? आणि तसे नसले तरी लोक काय म्हणतील? तो नट बापाच्या ओळखीचा होता, हे उद्या गावभर झाले की स्वच्छ हाताचे काय उरले? त्याने नट सोडला आणि बोटे बाजूला नेली. टोपी लहान होती. पुन्हा नटच हाती आला. तेव्हा घाबरून त्याने तो तळव्यात मागच्या दोन बोटांखाली दाबला, चिमटीने दुसरे काहीतरी उचलले आणि हात बाहेर काढून वर धरला. नट बाहीत घसरला. चिमटीत खडा होता.

"माझा!" धाऊ ओरडला, आणि लगेच गप्प झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्यांत जीव नव्हता.

रीतीप्रमाणे प्रत्येकाने आपली खूण परत घ्यायची असते. हे जिलानीच्या लक्षातच राहिले नव्हते. शादलीने आपली खजुराची बी उचलली. नौफलने टोपीत पाहिले. टोपी उलटी केली, तिच्या तळावर दोनदा टिचकी मारली. मग त्याने बापाकडे पाहिले. एकदाच.

"तुझी खूण कुठाय रे?" बलकासिमने विचारले.

"पडली असेल वाळूत," नौफल म्हणाला. "जाऊ द्या." त्याने धाऊला मिठी मारली आणि त्याच्या गालांची चुंबने घेतली.

घरी गेल्यावर नट परत द्यायचा, काहीतरी सांगून द्यायचा, असे जिलानीने ठरवले होते. काय सांगायचे ते मात्र सुचत नव्हते. तो पोराच्या खोलीच्या दारात उभा राहिला, हात कोटाच्या खिशात, मुठीत नट. नौफल पलंगावर पडून छताकडे पाहत होता. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका," तोच म्हणाला. "तुम्ही तुमच्या जागी बरोबर होतात." जिलानीला वाटले, पोर समजूतदार आहे, नशिबाचे बोलतोय. तो "झोप जरा" म्हणाला आणि मागे फिरला. नट खिशातच राहिला.

मेहरझियाला पोराने हेच सांगितले, की नट वाळूत पडला. ती दुसऱ्या दिवशी कुसकुसचा रवा चाळायची चाळणी घेऊन मंडईत गेली आणि वाळू चाळायला बसली. भाजीवाले हसले. "खाला, सोनं पुरलंय का इथं?" ती म्हणाली, "माझ्या पोराला एवढी एकच वस्तू आवडते. गाडी नाही मिळाली, निदान नट तरी मिळू दे." एका दुपारी जिलानी तिला घरी न्यायला गेला. ती एकटीच मूठमूठ वाळू ओतत होती, चाळणी तिच्या गुडघ्यावरून घसरत होती. काहीतरी करावे म्हणून तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चाळणी धरली. ती वाळू ओतत राहिली. कोटाच्या खिशात नट त्याच्या मांडीला टोचत होता. तेव्हा बोलला असता तरी चालले असते. त्याने चाळणी हलवली.

वसंतात झाडांवर चढून मादी फुलांत नराचे तुरे बांधायची घाई असते. सारे गाव बागेत होते, जिलानीही. घरी आला तर भट्टी गार होती आणि मेहरझिया नौफलच्या पलंगावर त्याची उशी धरून बसली होती. अर्धी भाकरी ताटात तशीच होती. फोनवर एवढाच निरोप, की यम्मा, काम मिळाले की कळवतो, बाबांना सलाम.

मेहरझियाने आरडाओरडा केला नाही. त्या दिवसापासून बाजारात गेली की ती मंडईत थांबायची आणि चपलेच्या टोकाने वाळू उकरायची. जिलानी तिकडून जाताना मान फिरवायचा.

फोन आला तो धाऊला. त्याचा एक मावसभाऊ समुद्राकाठी मासे उतरवायचे काम करायचा. नाव उलटली होती, किनाऱ्याला काही माणसे लागली होती, त्यांतल्या एकाला त्याने ओळखले होते. धाऊ स्वतः जिलानीच्या दारात आला आणि बोलायच्या आधीच रडू लागला, म्हणून जिलानीला काही विचारावे लागले नाही. आतून मेहरझियाने "कोण आहे?" असे विचारले. तिला कुणी उत्तर दिले नाही, आणि तिलाही कळले.

पोराला आणायला जायचे होते. जिलानी भाड्याची गाडी शोधायला निघाला. धाऊ अँब्युलन्स घेऊन त्याच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"बसा, सी जिलानी."

"ती आजाऱ्यांची गाडी आहे. गावाची आहे. माझ्या घरच्या कामाला नाही."

"बसा म्हणतोय ना!" धाऊचा आवाज फुटला. आजवर त्या पोराने मोठ्या माणसावर आवाज चढवला नव्हता. "तो गावाचा नव्हता का? नळाचे चर कुणी खणले? बसा, नाहीतर मी एकटा जाईन आणि तुम्ही पायी या."

जिलानी बसला.

इस्पितळात त्यांनी चादर बाजूला केली. समुद्राने चेहऱ्याला फारसे काही केले नव्हते. फक्त केसांत वाळू होती, ओली, काळसर, आपल्याकडच्या वाळूसारखी नाही. जिलानीने ती बोटांनी काढली, जेवढी निघाली तेवढी. कागदांवर सह्या झाल्या, अंघोळ घातली गेली, पांढरे कापड गुंडाळले गेले. तो सगळीकडे जायला सांगितले तिथे गेला आणि उभे राहायला सांगितले तिथे उभा राहिला.

परतीच्या वाटेवर धाऊ रस्त्यावरून नजर हलवत नव्हता. मागे पोर होते. रस्त्याला ऑलिव्हची झाडे संपली आणि उघडा माळ लागला तेव्हा तो बोलू लागला. न बोलता त्याच्याने गाडी चालवणे होत नव्हते.

"ही जागा त्याची होती, सी जिलानी. मी बसलोय तिथे तो बसायला हवा होता. माझा जीव कधीच रमला नाही हिच्यात. मला बागेतच बरं वाटतं."

"देवाने तुला दिली," जिलानी म्हणाला. ते शब्द त्याला स्वतःलाच उपरे वाटले.

"देवाने कसली? माझ्या मूर्खपणाने. तुम्हाला सांगतो. त्या दिवशी खुणा टाकायच्या होत्या, तुम्ही पाठ केली होतीत. नौफलनेही खाली वाकून खडाच उचलला होता. माझ्याही हातात खडा. मी म्हटलं, अरे, दोन खडे कसे चालतील, दुसरं काहीतरी टाक. त्याच्या खिशात तेवढा तो नट होता. टाकेना. म्हणाला, हा नको, बाबा ओळखतील. मी हसलो. म्हटलं, टाक रे, तुझे बाबा आहेत ते, ओळखलं तर उलट तुला टाळतील आणि आमचाच फायदा होईल. थट्टेत म्हटलं मी. आम्ही सगळे हसलो."

जिलानीने खिडकीची काच खाली केली. वारा गरम होता. त्याने काच पुन्हा वर केली.

"मग संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो होतो," धाऊ पुढे बोलत राहिला. "म्हटलं, गाडी तू घे, मी समितीला सांगतो की मला जमत नाही. कुणी काही म्हणणार नाही, सगळ्या गावाला तूच हवा होतास. बलकासिमचाचा तर खुणा टाकायच्या आधीच म्हणत होते, एवढं सगळं नाटक फक्त जिलानीच्या समाधानासाठी. पण नौफल ऐकेना. मला म्हणाला, नको. मी गाडीवर बसलो तर लोक खुणांचं पुन्हा काढतील, तुझा नट गेला कुठे म्हणतील, आणि ते मला नकोय. बाबांना या वयात कुणी काही विचारलेलं मला चालणार नाही. असं म्हणाला." धाऊने नाक पुसले. "मला काही उमगलं नाही. नट हरवला तर तुम्हाला कोण काय विचारणार? तुम्हाला कळतंय का, सी जिलानी, तो असं का म्हणाला?"

जिलानीला कळत होते. टोपी उलटी केली तेव्हाच पोराला सगळे कळले होते. दारात उभा राहिलेला बाप आणि त्याचा खिशातला हातही त्याने पाहिला होता. तुम्ही तुमच्या जागी बरोबर होतात, असे म्हणून त्याने बापाला सोडवले होते, आणि जिलानी ते ऐकून निर्धास्त झोपला होता. ज्याच्यावर लबाडीचा संशय घेतला त्यानेच लबाडी झाकली होती. आणि ती झाकायची तर गावात राहून चालले नसते, लोकांनी त्याला गाडीवर बसवून खुणांचे पुन्हा काढलेच असते, म्हणून तो गेला होता.

त्याने खिशातून नट काढला आणि समोर काचेखाली ठेवला.

धाऊने पाहिले. गाडी थोडी वाकडी गेली, मग सरळ झाली. पुढे कितीतरी वेळ रस्त्याच्या खड्ड्यांत तो नट इकडून तिकडे घरंगळत राहिला, आणि दोघांपैकी कुणीही त्याला हात लावला नाही. खारे सरोवर दिसू लागले तेव्हा जिलानीने तो उचलून मुठीत घेतला.

शेजारच्या गावातून जाताना कारंजे लागले. शेळ्या त्यात बसल्या होत्या. धाऊने भोंग्याच्या बटणाकडे पाहिले, जिलानीकडे पाहिले, आणि न वाजवताच गाडी पुढे काढली.

ऐन मलीहाची दुकाने बंद होती. नव्या छपराखाली माणसे उभी होती, शाळेच्या भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या. गाडी सावकाश घराशी आली. बायकांनी धरायच्या आत मेहरझिया बाहेर आली आणि बलकासिम तिच्या पुढे झाला. तो रडत होता, पण आवाज त्याचा तसाच मोठा होता.

"धीर धर, मेहरझिया. अशा बापाचा मुलगा होता तो. ज्याने गावावर कर्ज चढू दिलं नाही, आणि स्वतःच्या पोरासाठीही हात वाकडा केला नाही—"

"गप्प बस, बलकासिम," जिलानी म्हणाला.

तो गाडीतून उतरला आणि बायकोसमोर गेला. सगळे गाव पाहत होते. पाहू दे, असे त्याला वाटले, पहिल्यांदाच. त्याने मूठ उघडली.

मेहरझियाने नट उचलला. उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने त्याच्या गुळगुळीत कडा चाचपल्या.

"वाळूत होता?" तिने विचारले.

"नाही. माझ्याकडे होता. त्या दिवसापासून. त्याचाच हाताला आला होता, मेहरझिया. दोनदा आला. मी लपवला."

मागे कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी "या अल्ला" म्हणाले. बलकासिमने डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिच्या आत पाहत उभा राहिला. मेहरझिया मात्र हलली नाही. ती नवऱ्याच्या हातांकडे पाहत होती.

"मी वाळू ओतत होते," ती हळूच म्हणाली, "आणि चाळणी तुम्ही धरली होतीत."

मग ती त्याच्या बाजूने निघून गाडीच्या मागच्या दाराकडे गेली, आणि धाऊने तिला दार उघडून दिले.